फूल पाहू नका, दांडा मोडा: दोन फ्लीबेनची गोष्ट

न्यू जर्सी, पेनसिल्व्हेनिया भागात राहणाऱ्यांनी हे फूल नक्की पाहिलेलं असतं. मे महिन्यात लॉन कापायला एखादा आठवडा उशीर झाला, की कुंपणाच्या कडेला गुडघाभर दांडे उभे राहतात. त्यांच्यावर दीड-दोन सेंटीमीटरची पांढरी फुलं येतात, मध्ये पिवळी टिकली. लहानपणी वहीत काढायचो, तसंच फूल. बहुतेक जण त्याला डेझी म्हणून मोकळे होतात. ती खरी डेझी नव्हे, फ्लीबेन आहे. पण फ्लीबेन एवढं ओळखून काम भागत नाही, कारण तिथे हुबेहूब दिसणाऱ्या दोन जाती आहेत: फिलाडेल्फिया फ्लीबेन (एरिजेरॉन फिलाडेल्फिकस) आणि डेझी फ्लीबेन (एरिजेरॉन अॅन्यूअस). दोन्ही उत्तर अमेरिकेच्याच मातीतल्या, दोन्ही आपल्या शेवंती-झेंडूच्या कुळातल्या.

या कुळात आपण ज्याला एक फूल म्हणतो तो खरा तर फुलांचा गुच्छ असतो. पिवळ्या टिकलीतला प्रत्येक ठिपका एक फूल आणि कडेची प्रत्येक ‘पाकळी’ हेही एक स्वतंत्र फूल. झेंडू कुस्करून पाहिलेल्याला हे नव्याने सांगायला नको. फ्लीबेनमध्ये या पाकळ्या मोजता आल्या तर उत्तर बरंचसं मिळतं. फिलाडेल्फियाला त्या दीडशेच्याही पुढे जातात, दोऱ्यासारख्या बारीक, पुष्कळदा गुलाबी झाक असलेल्या. डेझी फ्लीबेनच्या थोड्या रुंद आणि संख्येने कमी, शंभराच्या आसपास. पण उन्हात उकिडवं बसून शंभर पाकळ्या कोण मोजणार? आणि गुलाबी रंगावर तर मुळीच विसंबू नये. फिलाडेल्फियाची कितीतरी झाडं पांढरीशुभ्र असतात.

माझ्या मते खरी परीक्षा खोडाची. दांडा बुडाजवळ मोडून पाहा. कांद्याच्या पातीसारखा पोकळ निघाला तर फिलाडेल्फिया. आत ज्वारीच्या धांड्यासारखा पांढरा भेंड भरलेला असेल तर डेझी फ्लीबेन. फूल मोडवत नसेल तर दांड्याच्या मधल्या पानाकडे बघा. फिलाडेल्फियाचं पान तळाशी पसरून दांड्याला दोन्ही बाजूंनी कवेत घेतं. डेझी फ्लीबेनचं पान तळाकडे निमुळतं होत नुसतं टेकलेलं असतं. कळ्याही बोलतात: फिलाडेल्फियाच्या कोवळ्या कळ्या मान खाली घालून असतात, दुसरीच्या ताठ.

हंगामानेही अंदाज येतो. एप्रिल-मेमध्ये फुललेली बहुधा फिलाडेल्फिया, जुलै-ऑगस्टमधली कंबरभर, कधी छातीपर्यंत वाढलेली बहुधा डेझी फ्लीबेन. घोळ होतो तो जूनमध्ये, तेव्हा दोघी शेजारीशेजारी फुललेल्या असू शकतात. (एरिजेरॉन स्ट्रिगोसस नावाची तिसरी बहीणही आहे. तिची पानं अरुंद आणि दांड्यावरचे केस चपटे बसलेले. तिला आज बाजूलाच ठेवू.)

दिसण्यात एवढं साम्य असलं तरी संसार मांडण्याची तऱ्हा मात्र निराळी. डेझी फ्लीबेनच्या पेशीत गुणसूत्रांचे सहसा तीन संच असतात. तीन संचांची समसमान वाटणी होत नाही, म्हणून परागीभवनाचा नेहमीचा मार्ग तिला जवळपास बंद. यावर तिने तोडगा काढला: फलनाशिवायच बी धरायचं. तिची बहुतेक रोपं आईची नक्कल असतात. मग एवढ्या पाकळ्यांचा थाट कोणासाठी? माश्या आणि छोट्या मधमाश्या येतात, खातात, जातात. बियांसाठी त्यांची गरज नसते. एकटं रोपटं कुठेही पडलं तरी वस्ती उभी करू शकतं. शोभेचं फूल म्हणून ते युरोपात नेलं गेलं आणि बागेतून बाहेर पडलं. आपल्याकडे हिमाचल-उत्तराखंडच्या डोंगरांतही ते रुजलं आहे. तिकडच्या ट्रेकमध्ये वाटेकडेला ‘जंगली शेवंती’ दिसली तर एकदा दांडा मोडून पाहायला हरकत नाही.

या दोघींचा घोळ जपाननेही सोसला आहे. दोन्ही तिथे परदेशातून आल्या आणि जोडीने पसरल्या. फिलाडेल्फियाला तिथे हारुजिओन म्हणतात, डेझी फ्लीबेनला हिमेजोओन. नावंही अशी की ऐकताना गोंधळ व्हावा! तिथे या दोघी वेगळ्या करताना पोकळ दांडा आणि मान टाकलेली कळी याच खुणा पाहतात.

आणि ‘फ्लीबेन’, म्हणजे पिसवांचा कर्दनकाळ, हे नाव? वाळवून घरात ठेवलं की पिसवा पळतात अशी जुनी समजूत होती. कुत्र्याच्या गादीखाली ठेवून बघायच्या फंदात मात्र पडू नका, पिसवांना तिचं काही वाटत नाही.