गालिच्याचा वास: सोडा कुठे, व्हिनेगर कुठे

गालिच्यावर खाण्याचा सोडा भुरभुरायचा, त्यावर व्हिनेगर ओतायचं, फसफसून फेस आला की वास गेलाच म्हणून समजायचं. हा उपाय एव्हाना घरोघरी पोहोचला आहे. फेस छान दिसतो, पण त्यात सोडा आणि व्हिनेगर एकमेकांनाच संपवत असतात. कार्बन डायऑक्साइड उडून जातो, खाली सोडियम ॲसिटेट नावाचा क्षार आणि पाणी राहतं. दोघांतलं जे जास्त पडलं असेल, तेवढंच काय ते वासाच्या वाट्याला येतं.

दोन्ही पदार्थ कामाचे आहेत, पण वेगवेगळ्या वासांवर. एखादा रेणू धाग्यातून सुटून हवेत उडाला, तरच तो नाकापर्यंत पोहोचतो. त्याला न उडणाऱ्या क्षारात बदललं की वास थांबतो. पायांचा वास घ्या. घामाला स्वतःचा असा वास फारसा नसतो. त्वचेवरचे जिवाणू घामातल्या ल्युसीन या अमिनो आम्लापासून आयसोव्हॅलेरिक आम्ल बनवतात, ते दरवळतं. सांडलेलं दूध नासलं की ब्युटिरिक आम्लाचा वास येतो. ही आम्लं, आणि सोडा सौम्य अल्कली (द्रावणाचा पीएच साधारण ८.३), त्यामुळे इथे तो चालतो. मात्र वरवर भुरभुरून पाच मिनिटांत झाडून टाकला तर तो धाग्यांच्या टोकांवरच राहतो. मऊ ब्रशने मुळापर्यंत घोळवावा, रात्रभर ठेवावा, सकाळी आधी झाडून मग व्हॅक्यूम फिरवावा. ही बारीक पूड व्हॅक्यूमचा फिल्टर पटकन तुंबवते.

लघवीचं गणित उलटं. तिच्यातल्या युरियापासून जिवाणू अमोनिया तयार करतात आणि अमोनिया अल्कली आहे, त्यामुळे सोड्याचा फारसा उपयोग होत नाही. इथे हवं व्हिनेगर, म्हणजे सुमारे ५ टक्के ॲसिटिक आम्ल. तेवढंच पाणी घालून ते डागावर शिंपडलं की अमोनियाचा क्षार होतो. डाग ताजा असेल तर त्याआधी जाड कापड ठेवून त्यावर उभं राहावं आणि ओल टिपून घ्यावी. घासल्याने डाग पसरतो. घाईघाईत ब्लीच मात्र ओतू नये. अमोनियाबरोबर त्यातून क्लोरामाइन आणि व्हिनेगरबरोबर क्लोरीन वायू निघतो, दोन्ही विषारी.

मांजराच्या मुताचा उग्रपणा गंधकयुक्त रेणूंचा. ते सोड्याला दाद देत नाहीत, व्हिनेगरलाही नाही. त्यांचं ऑक्सिडीकरण करावं लागतं. स्कंक या प्राण्याच्या दुर्गंधीवर पॉल क्रेबॉम या रसायनशास्त्रज्ञाने १९९३ मध्ये जाहीर केलेली कृती याच तत्त्वावर आहे: ३ टक्के हायड्रोजन पेरॉक्साइड, खाण्याचा सोडा आणि थोडा भांडी घासायचा साबण. मिश्रण लागेल तेवढंच करावं, बाटलीत भरून ठेवू नये. सुटणाऱ्या ऑक्सिजनच्या दाबाने बाटली फुटू शकते. पेरॉक्साइडने रंग उडतो, तेव्हा आधी न दिसणाऱ्या कोपऱ्यावर करून पाहावं. लोकर आणि रेशमावर मी तरी ते वापरणार नाही.

कुबट वासाला मात्र कुठलीच पूड पुरत नाही. तो बुरशीचा असतो आणि ओल आहे तोवर बुरशी वाढतच राहते. भिजलेला गालिचा २४ ते ४८ तासांत पूर्ण वाळायला हवा. लोकर स्वतःच्या वजनाच्या जवळजवळ एक तृतीयांश बाष्प शोषूनही हाताला ओली लागत नाही, म्हणून नुसतं चाचपून ठरवू नये. गालिचा दोरीवर किंवा कठड्यावर टाकावा, दोन्ही बाजूंनी वारा लागू द्यावा. ऊन चांगलंच, फक्त फार वेळ ठेवलं तर रंग विटतो.

सुगंधी तेलं आणि कॉफीची पूड वास झाकतात, एवढंच. त्यातही टी-ट्री तेल मांजरांना विषारी असतं. सक्रिय कोळसा खरोखर वास शोषतो, त्याच्या एका ग्रॅममधल्या छिद्रांचं पृष्ठफळ शेकडो चौरस मीटर भरतं. पण खोलीत वाटी भरून ठेवला तर तो हवेतलेच रेणू पकडतो, धाग्यात बसलेले नाहीत.

वास गेला की नाही, हे तासभर बाहेर फिरून आल्यावर पाहावं. सतत त्याच हवेत असलेलं नाक लवकर सरावतं. गालिचा कोरडा असताना वास नाही आणि हवा दमट झाली की पुन्हा येतो, असं होत असेल तर धाग्यांत अडकलेल्या रेणूंना बाष्प बाहेर ढकलत असतं. अशा वेळी गालिचा उलटून पाहावा. घाण खालच्या फोमच्या अस्तरात मुरली असेल तर अस्तरच बदलावं लागतं.