फायबर मॅट्रिक्स स्विचरमधून सिरियल आज्ञावहन

सभागृहे, न्यायालये, शस्त्रक्रियागृहे, नियंत्रण कक्ष अशा ठिकाणी चित्र आणि ध्वनी ज्या प्रकाशतंतूतून, म्हणजे फायबरमधून, लांबवर नेले जातात, त्याच तंतूतून प्रोजेक्टर, डिस्प्ले आणि कॅमेरे यांना आज्ञा पाठविण्याची पद्धत. ‘चालू हो’, ‘दुसरे इनपुट घे’, ‘आवाज कमी कर’ इतक्याच साध्या या आज्ञा असतात आणि त्या बहुधा आरएस-२३२ या सिरियल, म्हणजे एकामागून एक बिट पाठवणाऱ्या, जोडणीतून दिल्या जातात. वाटेत मॅट्रिक्स स्विचर असतो. अनेक स्रोत आणि अनेक डिस्प्ले यांच्यात हवी तशी जोडी लावून देणे हे त्याचे मुख्य काम. चित्राबरोबर आज्ञांनाही तो वाट देतो, पण चित्राची आणि आज्ञेची गरज सारखी नसते. या विषयातली बहुतेक गुंतागुंत तिथूनच सुरू होते.

आरएस-२३२ हे मानक १९६० साली अमेरिकेतील इलेक्ट्रॉनिक इंडस्ट्रीज असोसिएशनने आणले. टर्मिनल आणि मोडेम यांना जोडणे हा त्याचा मूळ हेतू. १९६९ मध्ये त्याची ‘सी’ आवृत्ती आली आणि पुढे तीच सर्वाधिक रुळली. घरगुती संगणकांवरून हे पोर्ट केव्हाच नाहीसे झाले, दृक्‌श्राव्य उपकरणांच्या पाठीवर मात्र ते अजून दिसते. याचे कारण जुनाटपणा नव्हे. पाठवण्याची, घेण्याची आणि ग्राउंडची अशा तीन तारा स्क्रूने आवळल्या की जोडणी पूर्ण होते. आयपी पत्ता नको, पासवर्ड नको, संगणक विभागाची परवानगी नको. शिवाय उपकरण उलट उत्तरही देते. इन्फ्रारेड रिमोटने दिलेली आज्ञा प्रोजेक्टरला ऐकू आली की नाही, हे नियंत्रकाला, म्हणजे आज्ञा देणाऱ्या यंत्राला, कधीच कळत नाही.

अडचण अंतराची. या जोडणीत उणे ३ ते उणे १५ व्होल्ट म्हणजे ‘१’ आणि अधिक ३ ते अधिक १५ व्होल्ट म्हणजे ‘०’. नवख्याला हे उलटेच वाटते. तार लांबली की तिची धारिता, म्हणजे विद्युतभार साठवण्याची क्षमता, वाढते, व्होल्टेजच्या उभ्या कडा ओघळतात आणि अक्षरे चुकू लागतात. म्हणून सी आवृत्तीने सुमारे १५ मीटरची मर्यादा घातली होती. एचडीएमआयची साधी तांब्याची केबलही फार लांब जात नाही, तेव्हा चित्रासाठी फायबर टाकावाच लागतो. मल्टिमोड फायबर काही शे मीटरपर्यंत आणि सिंगल-मोड कित्येक किलोमीटरपर्यंत काम देतो. मग आज्ञेसाठी वेगळी तार कशाला ओढायची? शिवाय काच वीज वाहत नाही. दोन इमारतींच्या अर्थिंगमधला फरक किंवा जवळपास पडलेल्या विजेचा झटका तंतूतून पलीकडच्या उपकरणापर्यंत पोहोचत नाही.

तंतूतून सेकंदाला अब्जावधी बिटांचा प्रवाह जात असतो. ९६०० बॉडची, म्हणजे सेकंदाला ९६०० बिटांची, सिरियल आज्ञा म्हणजे दहा गिगाबिटांच्या दुव्याचा जेमतेम दहालाखावा हिस्सा, त्यामुळे ती सामावण्यात जागेचा प्रश्न येत नाही. ती दोन प्रकारे सामावली जाते. काही यंत्रे सिरियल तारेवरची स्थिती फार वेगाने पुनःपुन्हा मोजतात आणि तो नमुना चित्राच्या माहितीत मिसळून पाठवतात. पलीकडे तशीच स्थिती पुन्हा उभी केली जाते. इथे बॉड रेट कुठेही भरावा लागत नाही. दुसरा प्रकार अक्षरे वाचून पाठविण्याचा. त्यात प्रत्येक टोकाच्या पोर्टचा बॉड रेट त्याला जोडलेल्या उपकरणाशी जुळवावा लागतो. मोबदल्यात अक्षरे साठवता येतात, तपासता येतात आणि प्रत्येक पोर्टला वेगळा वेग देता येतो. विलंबाची चिंता अनाठायी आहे: प्रकाशाला तंतूतून एक किलोमीटर जायला सुमारे ५ मायक्रोसेकंद लागतात, तर ९६०० बॉडला एक बिटच १०४ मायक्रोसेकंदांचा असतो.

खरा पेच पुढे आहे. आरएस-२३२ हा दोघांमधला संवाद आहे, तर मॅट्रिक्स म्हणजे गर्दी. एकच चित्र आठ डिस्प्लेंवर टाकणे नेहमीचे. पण तीच वाट आज्ञेला दिली तर आठही डिस्प्ले एकाच वेळी उत्तर देतात आणि परतीच्या वाटेवर ती उत्तरे एकमेकांत कालवली जातात. म्हणून बहुतेक स्विचरांत आज्ञेची वाट चित्रापासून तोडून स्वतंत्र लावता येते. आज्ञा चित्राच्या मागोमाग जाऊ दिली, तर व्याख्यात्याने लॅपटॉप बदलताच प्रोजेक्टरचे नियंत्रणही भलत्या टोकाला जाऊन बसते. ही सोय म्हणून विकली जाते, पण एका खोलीपलीकडच्या व्यवस्थेत ती टाळलेली बरी. तिसरी आणि आज सर्वांत उपयोगी पद्धत म्हणजे आज्ञा मध्येच घुसवणे. नियंत्रक नेटवर्कवरून स्विचरलाच सांगतो की अमुक आउटपुटच्या टोकावर ही अक्षरे सोड. अनेक यंत्रांत त्यासाठी प्रत्येक टोकाला वेगळा टीसीपी पोर्ट क्रमांक, म्हणजे नेटवर्कवरचा दरवाजा-क्रमांक, दिलेला असतो. मग चित्र कुठूनही कुठेही जावो, आज्ञेचा पत्ता बदलत नाही.

उत्तर परत आणायचे तर प्रकाशालाही परतीचा मार्ग हवा, ही गोष्ट खरेदीच्या वेळी हमखास निसटते. चित्र एकाच दिशेने जाते म्हणून एकच तंतू टाकला, तर पुष्कळ यंत्रांत आज्ञा जाते पण उत्तर येत नाही. त्यासाठी दुसरा तंतू लागतो किंवा दोन दिशांना दोन वेगळ्या तरंगलांबी वापरणारी यंत्रे लागतात.

बिघाड मात्र बहुधा फायबरमध्ये नसतोच. पाठवण्याची तार घेण्याच्या तारेला जोडायची असते, पण काही यंत्रांवरची अक्षरे स्वतःची पिन सांगतात आणि काहींवरची समोरच्याची. शांत असलेल्या पाठवण्याच्या तारेवर ग्राउंडच्या तुलनेत उणे व्होल्टेज दिसते, त्यामुळे साध्या मल्टिमीटरने ती ओळखता येते. दुसरे ठिकाण आज्ञेचा शेवट. एलजीच्या डिस्प्लेला चालू करणारी आज्ञा ‘केए ०१ ०१’ अशी आठ अक्षरांची असते, पण नवव्या, न दिसणाऱ्या कॅरेज रिटर्नशिवाय, म्हणजे ओळ संपल्याच्या खुणेशिवाय, डिस्प्ले ढिम्म हलत नाही.

सर्वांत फसवी चूक सॉफ्टवेअर प्रवाह-नियंत्रणाची, म्हणजे ओघ थांबवण्या-सोडण्याचे संकेत माहितीतूनच देण्याच्या पद्धतीची. त्यात हेक्स (सोळाच्या पायावरचे अंकलेखन) ११ म्हणजे ‘पाठव’ आणि हेक्स १३ म्हणजे ‘थांब’ असा संकेत असतो. सॅमसंगच्या डिस्प्लेला, त्याचा क्रमांक ० असताना, चालू करणारी आज्ञा हेक्समध्ये एए, ११, ००, ०१, ०१, १३ अशी आहे. हे नियंत्रण वाटेत कुठे चुकून चालू राहिले, तर ही दोन्ही अक्षरे संकेत समजून गिळली जातात, वर शेवटच्या अक्षरावर वाट बंद पडते. डिस्प्ले, तंतू, स्विचर सगळे ठीक, तरी काम होत नाही. डिस्प्लेचा क्रमांक १ केला तर शेवटचा बेरीज-अंक, म्हणजे एए सोडून आधीच्या अक्षरांची बेरीज, १४ होतो आणि वाट उघडी राहते, पण ११ गिळला जातोच. म्हणजे लक्षण बदलते, दोष तसाच.

नवे डिस्प्ले आणि प्रोजेक्टर थेट नेटवर्कवरून आज्ञा घेतात; प्रोजेक्टरांसाठी पीजेलिंक हा सामाईक संकेत टीसीपीच्या ४३५२ क्रमांकाच्या पोर्टवर चालतो. तरीही नव्या स्विचरांवर सिरियल आज्ञांचा तीन पिनांचा हिरवा कनेक्टर असतोच. वीज वाचवण्याच्या स्टँडबाय स्थितीत अनेक डिस्प्ले आपले नेटवर्क बंद करतात. सिरियल पोर्ट मात्र तेव्हाही ‘चालू हो’ची वाट पाहत जागा असतो.