पुरातत्त्व दस्तऐवजीकरणाचं बिल थकलंय? परिषदेकडे अर्ज करण्याआधी हे तपासा

शनिवारवाड्याच्या संरक्षित हद्दीपासून पहिले 100 मीटर प्रतिबंधित आणि पुढचे 200 मीटर विनियमित (परवानगी घेऊनच बांधकाम) क्षेत्र. त्यामुळे आसपासच्या पेठांत दुरुस्ती किंवा बांधकामाची फाइल करायची म्हटलं की जुन्या वाड्याचं मोजमाप, रेखांकनं, छायाचित्रं आणि अहवाल अशी कामं निघतात. ती करणाऱ्या छोट्या संस्थांचं बिल अडकलं, तर सूक्ष्म-लघु उद्योगांच्या 2006 च्या कायद्याखाली सुकरता परिषदेकडे, म्हणजे थकलेल्या बिलांचे वाद सोडवणाऱ्या सरकारी परिषदेकडे, दाद मागता येते. अर्ज ऑनलाइन भरता येतो. उद्यम प्रमाणपत्र (छोट्या उद्योगांच्या सरकारी नोंदणीचं), पॅन, कामाचा आदेश, बिलं आणि पत्रव्यवहार जोडायचा. एवढं सगळ्यांना जमतं. अडतं ते पुढे.

पहिली अडचण उद्यमच्या तारखेची. बिल थकल्यावर घाईने नोंदणी करणारे फार आहेत, पण आधी केलेल्या कामाला तिचा उपयोग होत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने 2021 आणि 2022 च्या निकालांत म्हटलं; 2025 मध्ये हा प्रश्न मोठ्या पीठाकडे सोपवला गेला, त्यामुळे धोका पत्करू नका. नोंदणी कामाच्या आदेशाआधीची हवी, सूक्ष्म किंवा लघु हवी (मध्यम उद्योगाला ही दाद नाही), आणि तिच्यात 'सेवा' निवडलेली हवी. 'व्यापार' निवडलं असेल तर या तरतुदीचा फायदा मिळत नाही.

दुसरी अडचण मुदतीची. '45 दिवस' हा आकडा पाठ असतो, पण तो लेखी करार असतानाची कमाल मर्यादा आहे. मुदत लेखी ठरलीच नसेल, तर काम स्वीकारल्यापासून 15 दिवसांत पैसे यायला हवेत. करारात 90 दिवस लिहून घेतले असले, तरी 45 च्या पुढचे दिवस कायदा मानत नाही. आणि मोजणी बिलाच्या तारखेपासून नाही, काम स्वीकारल्यापासून होते. काम दिल्यावर 15 दिवसांत ग्राहकाने लेखी हरकत घेतली नाही, तर दिल्याची तारीख हीच स्वीकाराची तारीख.

म्हणून जो कागद बहुतेकांकडे नसतो तो म्हणजे पोच. पेनड्राइव्ह साइटवर सुपरवायझरच्या हातात दिला, रेखांकनं व्हॉट्सॲपवर पाठवली, आणि वर्षभराने 'आम्हाला मिळालंच नाही' असं उत्तर येतं. पोच साधी असते: 'मोजमाप रेखांकन 14 शीट, अहवाल 2 प्रती, पेनड्राइव्ह 1 मिळाले', खाली नाव, सही, शिक्का, तारीख. ती त्याच दिवशी ईमेलनेही पाठवा. कृपा करून हे टाळू नका. सगळी मोजणी या चिठोऱ्यावर उभी राहते.

करारातलं एक वाक्य विशेष घातक आहे: 'अंतिम हप्ता ना-हरकत मिळाल्यावर.' ना-हरकत, म्हणजे स्मारकाजवळच्या कामाची परवानगी, देणं तुमच्या हातात नाही. स्मारकांच्या कायद्याप्रमाणेच अर्ज राष्ट्रीय स्मारक प्राधिकरणाकडे जायला 15 दिवस, शिफारशीला दोन महिने आणि निर्णयाला एक महिना लागू शकतो, आणि त्रुटी निघाली की फाइल परत. त्याऐवजी लिहा: आदेशासोबत 30 टक्के, मोजमाप संपल्यावर 40, अहवाल सुपूर्द केल्यावर 30.

आणखी एक. दस्तऐवजीकरण आणि दुरुस्ती एकाच आदेशात घेऊ नका. साहित्य-मजुरीसह बांधकामाचा ठेका या तरतुदीत बसत नाही, असं मुंबई उच्च न्यायालयाने म्हटलं आहे. एकत्र आदेश असला की समोरचा वकील सगळ्यात आधी तिथेच बोट ठेवतो. दोन आदेश, दोन बिलं.

थकलेल्या रकमेवर व्याज रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट, दर महिन्याला चक्रवाढ. बँक रेट 6 टक्के धरला तर महिन्याला दीड टक्का; 1,00,000 रुपये बारा महिने थकले तर सुमारे 1,19,560 होतात. दाव्याला जोडायचा तक्ता महिन्याप्रमाणे मांडा, एकरकमी आकडा नको.

करारात लवादाचं दुसरं ठिकाण लिहिलेलं असलं तरी परिषदेकडे जाता येतं. मात्र तीन वर्षांची मुदत उलटू देऊ नका. आधी परिषद तडजोड करून बघते, जमली नाही तर लवाद. निकाल तुमच्या बाजूने लागला आणि ग्राहकाला तो रद्द करून घ्यायचा असेल, तर त्याला रकमेचे 75 टक्के आधी न्यायालयात भरावे लागतात.