सूप घट्ट कशामुळे होतं?

हॉटेलातलं स्वीट कॉर्न सूप चमच्यावरून सावकाश ओघळतं, घरचं टोमॅटोचं सार मात्र पाण्यासारखं पळतं. दोन्हींत बहुतेक पाणीच असतं. फरक इतकाच, की पहिल्यात ते पाणी कुणीतरी धरून ठेवलेलं असतं.

हे काम करतं कॉर्नफ्लोअर, म्हणजे मक्यातला निव्वळ स्टार्च. त्याचे कण साधारण मिलिमीटरच्या शंभराव्या भागाएवढे. थंड पाण्यात ते विरघळत नाहीत, नुसते तरंगतात आणि थोड्या वेळात तळाशी बसतात. म्हणून कालवून ठेवलेलं कॉर्नफ्लोअर सुपात ओतण्याआधी पुन्हा ढवळावं लागतं. तापमान ६२ ते ७२ अंश सेल्सिअसच्या दरम्यान गेलं की कण पाणी पिऊन टम्म फुगतात. त्यांच्यातले अमायलोजचे लांबलचक रेणू बाहेर येतात, पाण्याला मोकळेपणी हलायला जागा उरत नाही आणि दुधट दिसणारं सूप एकाएकी दाट, चकचकीत होतं.

कोरडं कॉर्नफ्लोअर थेट उकळत्या सुपात टाकलं, तर गुठळ्या ठरलेल्याच. अशी एखादी गुठळी चमच्याने फोडून पाहा. वर चिकट पापुद्रा, आत कोरडं पांढरं पीठ. बाहेरचे कण आधी फुगून एकमेकांना चिकटतात आणि आतल्यांपर्यंत पाणी पोचूच देत नाहीत.

हे दाटपण तसं नाजूक असतं. फार वेळ खळाखळा उकळलं की फुगलेले कण फुटतात आणि सूप पुन्हा सैल पडतं. आम्लासोबत उकळत राहिल्यास स्टार्चच्या साखळ्या तुटतात. हॉट अँड सॉर सुपात व्हिनेगर अगदी शेवटी घालतात, त्यामागे वासाइतकंच हेही कारण आहे.

गंमत पुढेच आहे. अर्धं सूप खाऊन गप्पांत रमलात, की बाऊलमध्ये उरलेलं सूप पाणचट झालेलं दिसतं. खरं तर निवताना ते जास्त घट्ट व्हायला हवं. पण चमच्याबरोबर लाळ सुपात गेलेली असते आणि लाळेतलं अमायलेज हे विकर स्टार्चचे तुकडे करतं. कडकडीत गरम सुपात ते निकामी होतं, कोमट सुपात मात्र जोरात कामाला लागतं. पटत नसेल, तर एकाच सुपाचे दोन बाऊल कोमट होऊ द्या. एकात उष्टा चमचा ढवळा, दुसऱ्यात स्वच्छ.

कढीला कुणी सूप म्हणणार नाही, पण ताकाला लावलेलं बेसन तिथे दाटपणाबरोबर आणखी एक काम करतं. ताक तापलं की त्यातलं केसिन हे प्रथिन गोळा होऊ पाहतं आणि कढी फुटते. बेसनाचा स्टार्च मध्ये येऊन ते गोळा होणं अडवतो.

पायाच्या सुपात स्टार्चचा संबंधच नाही. तिथे हाडांभोवतीच्या स्नायुबंधांतलं आणि कातडीतलं कोलॅजन तासन् तास शिजून जिलेटिन होतं. ओठांना लागणारा चिकटपणा त्याचाच. फ्रिजमध्ये ठेवलं की सगळं सूप थरथरत्या जेलीसारखं गोठतं आणि जरा गरम करताच वितळतं, कारण जिलेटिन जवळपास शरीराच्या तापमानालाच वितळतं. कुकरमध्ये तापमान १२० अंशांच्या आसपास जात असल्याने हेच काम बरंच लवकर उरकतं. मंद आचेवर रात्रभर शिजलेल्या पायाची सर कुकरला येत नाही, असं पायाचे भक्त शपथेवर सांगतात. चवीचं त्यांनी ठरवावं. जिलेटिनच्या बाबतीत कुकर कमी पडत नाही.