सामायिक श्रेणीबद्ध शीट : दोष आणि निदान

सर्किटचे स्किमॅटिक (जोडण्यांचा आराखडा) संगणकावर काढताना मोठे सर्किट अनेक शीटांत विभागतात. वरच्या शीटवर एक चौकट असते आणि खालची शीट कोणत्या फाइलमध्ये आहे हे त्या चौकटीत नोंदलेले असते. एकच फाइल अनेक चौकटींत नोंदली की ती शीट सामायिक झाली. आठ एकसारखे अ‍ॅम्प्लिफायर हवे असतील, तर सर्किट एकदा काढायचे आणि चौकट आठदा ठेवायची. किकॅड, ऑर्कॅड, अल्टियम या सर्किट काढण्याच्या सगळ्या सॉफ्टवेअरांत ही सोय आहे. अल्टियममध्ये तिला मल्टिचॅनेल डिझाइन म्हणतात. पुढील तपशील मुख्यतः किकॅडचा आहे.

बहुतेक तक्रारींच्या मुळाशी एकच घोळ असतो : कोणती माहिती फाइलची आणि कोणती त्या त्या चौकटीची. वायरी, सिंबल (घटकांची चिन्हे) आणि घटकांची मूल्ये फाइलमध्ये एकदाच असतात. त्यामुळे एका चॅनेलमधला (म्हणजे एका चौकटीच्या सर्किटमधला) १० किलोओहमचा रेझिस्टर २२ केला की आठही चॅनेलांत तो बदलतो. याला बिघाड म्हणता येत नाही. एखाद्याच चॅनेलला वेगळे मूल्य हवे असेल, तर तेवढा घटक वरच्या शीटवर नेणे बरे. घटकाचा क्रमांक मात्र चौकटीगणिक वेगळा असतो. तोच रेझिस्टर एकीकडे आर१०५, दुसरीकडे आर२०५.

सर्वांत घातक दोष ग्लोबल लेबलाचा, म्हणजे सगळ्या शीटांत एकाच नावाच्या जागा जोडणाऱ्या लेबलाचा. सामायिक शीटमध्ये आउटपुटला ग्लोबल लेबल लावले की आठही आउटपुट एकमेकांना जोडली जातात. आउटपुट पिना थेट भिडल्या तर ईआरसी (सॉफ्टवेअरची जोडण्यांच्या नियमांची) तपासणी ओरडते; पण मध्ये रेझिस्टर असला तर ती गप्प बसते आणि दोष थेट बोर्डावर कळतो. अशा वेळी नेटचे (एकमेकांना जोडलेल्या पिनांच्या गटाचे) नाव पाहावे. स्थानिक नेटच्या नावात शीटचा मार्ग येतो, उदाहरणार्थ ‘/चॅनेल३/आउट’. ग्लोबल नेटला असा मार्ग नसतो. पॉवर सिंबलही (वीजपुरवठा आणि ग्राउंडची चिन्हे) सहसा ग्लोबलच असतात. एरवी ते सोयीचे, पण प्रत्येक चॅनेलची ग्राउंड विलग ठेवायची असेल तर शीटमधला एक जीएनडी (ग्राउंड) सिंबल सगळ्या विलगतेवर पाणी फिरवतो. तिथे ग्राउंड श्रेणीबद्ध लेबलाने, म्हणजे शीटमधली जोडणी तिच्या चौकटीवरच्या पिनेशी जोडणाऱ्या लेबलाने, बाहेर काढावी लागते. हे लेबल आणि चौकटीवरची पिन यांची नावे जुळायला हवीत, नाहीतर ईआरसी चूक दाखवते.

क्रमांक हरवण्याची तक्रारही नेहमीची आहे. किकॅड ६ मध्ये चौकटीनिहाय क्रमांक मुख्य शीटच्या फाइलमध्ये साठवले जात. किकॅड ७ पासून (२०२३) ते प्रत्येक शीटच्या फाइलमध्ये, प्रकल्पाच्या नावासह असतात. म्हणून सामायिक शीट सुटी न उघडता प्रकल्पाच्या मुख्य शीटमधून उघडावी.

पीसीबीवरचा (सर्किट बोर्डावरचा) फूटप्रिंट, म्हणजे घटक बसवण्याच्या जागेचा नकाशा, सिंबलशी जोडला जातो तो चौकटीच्या यूयूआयडीसह (सॉफ्टवेअरने दिलेल्या एकमेव ओळखक्रमांकासह) बनलेल्या मार्गाने. चौकट पुसून पुन्हा ठेवली की ओळख बदलते आणि त्या चॅनेलचे सगळे फूटप्रिंट परके ठरतात. मांडणी पुन्हा करत बसण्याची गरज नसते : आधी स्किमॅटिकमधले क्रमांक बोर्डाशी जुळवून घ्यावेत, मग पीसीबी अद्ययावत करताना क्रमांकांवरून फूटप्रिंट पुन्हा जोडण्याचा पर्याय निवडावा. क्रमांक न जुळवता तो वापरला तर फूटप्रिंट भलत्याच सिंबलांना चिकटतात.