पेअर्ड की इंडिपेंडंट? आणि नॉर्मॅलिटी नक्की कशाची?

पूर्वचाचणी, उत्तरचाचणी आणि खाली दोन शापिरो-विल्क (आकडे नॉर्मल, म्हणजे घंटेच्या आकारात पसरलेत का, हे बघणारी चाचणी): एक आधीच्या गुणांची, एक नंतरच्या. दोन्ही 'नॉर्मल', म्हणून पेअर्ड टी-टेस्ट, म्हणजे दोन सरासऱ्यांतला फरक योगायोगाचा आहे का ते बघणाऱ्या टी-टेस्टचा जोडीच्या आकड्यांसाठीचा प्रकार. हे कोष्टक इतक्या प्रबंधांत पाहिलंय की आता पान उलटायच्या आधीच धसका बसतो. तपासणी केली, पण भलत्याच आकड्यांची.

इंडिपेंडंट टी-टेस्ट तुम्हाला येतेच. दोन गट, एकमेकांशी संबंध नसलेली माणसं, दोन सरासऱ्या. तिथे नॉर्मॅलिटी गटागटाने बघायची, बरोबर आहे. आधी लेव्हीन (दोन्ही गटांचा विखुरलेपणा सारखा आहे का ते बघणारी चाचणी) आणि मग निवड, हा घोळ मात्र नको. सरळ वेल्च वापरा, म्हणजे विखुरलेपणा सारखा नसला तरी चालणारी टी-टेस्ट.

पेअर्ड लागते ती एकाच माणसाची दोन मोजमापं असतील तेव्हा, किंवा मुद्दाम जुळवलेल्या जोड्या असतील तेव्हा. "दोन्हीकडे 30-30 जण आहेत म्हणून पेअर्ड" हे उत्तर कृपया व्हायव्हात देऊ नका. दुसऱ्या स्तंभातले आकडे वर-खाली केले तर अर्थ बिघडतो का? बिघडला तरच ती जोडी.

खरी गोम पुढे आहे. पेअर्ड टी-टेस्टला मूळ दोन स्तंभांशी देणंघेणंच नसतं. ती ओळीओळीने वजाबाकी करते आणि उरलेल्या एका स्तंभाची सरासरी शून्यापासून किती लांब आहे ते पाहते. म्हणून नॉर्मॅलिटी बघायची ती फरकांची.

गिनेस ब्रुअरीत काम करणाऱ्या गॉसेटने 1908 मध्ये 'स्टुडंट' या टोपणनावाने लिहिलेल्या निबंधात वापरलेलीच आकडेवारी घ्या. आर या सॉफ्टवेअरमध्ये ती 'स्लीप' नावाने आयती मिळते. 10 रुग्ण, झोपेची दोन औषधं, प्रत्येक औषधाने वाढलेली झोप तासांत. सरासरी 0.75 आणि 2.33. इंडिपेंडंट वेल्च लावली तर पी (खरा फरक नसताना निव्वळ योगायोगाने इतका किंवा याहून मोठा फरक दिसण्याची शक्यता) 0.079, पेअर्ड लावली तर 0.003. आकडे तेच! रुग्णारुग्णांतला मूळचा फरक वजाबाकीत निघून गेला, एवढंच.

आता शापिरो-विल्क. पहिल्या स्तंभाला पी 0.41, दुसऱ्याला 0.35. प्रबंधात इथेच 'अट पूर्ण' असं लिहून मोकळे होतात. फरकांवर लावा: 0.03, म्हणजे नेहमीच्या 0.05 च्या रेषेखाली, नॉर्मॅलिटीवर शंका. दोषी नववा रुग्ण. पहिल्या औषधाने त्याची झोप 0.0 ने वाढली, दुसऱ्याने 4.6 ने. आपापल्या स्तंभात दोन्ही आकडे गर्दीत मिसळून जातात. पण बाकी नऊ जणांचे फरक 0 ते 2.4 मध्ये असताना याचा 4.6, म्हणजे एकदम उठून दिसणारा.

तो आउटलायर म्हणून उडवायचा मोह होतो. उडवला तर टी (फरकांची सरासरी त्यांच्या विखुरलेपणाच्या तुलनेत किती मोठी, तो आकडा) 4.06 वरून 5.66 वर जातो, कारण त्या एकट्याने सरासरीपेक्षा प्रमाण विचलन (विखुरलेपणाचं माप) जास्त फुगवलं होतं. निकाल आणखी देखणा होतो, आणि नेमकं म्हणूनच उडवू नका. त्याऐवजी फरकांचा साधा डॉटप्लॉट काढा, एका रेषेवर प्रत्येक फरकाचा एक ठिपका. दहा आकड्यांत शापिरोपेक्षा डोळा बरा. शंका उरली तर नॉर्मॅलिटी न मागणारी विलकॉक्सनची साइन्ड-रँक लावा: पी 0.009, निष्कर्ष तोच. तीही फरकांवरच चालते आणि फरक साधारण सममित असावेत अशी तिची अपेक्षा असते. मॅन-व्हिटनी इथे नको, ती इंडिपेंडंट गटांची.