लाल फुले आणि हमिंगबर्ड: एक खुलासा

हमिंगबर्ड या मध पिणाऱ्या चिमुकल्या पक्ष्याला जन्मतःच लाल रंगाची ओढ असते आणि त्याला रिझवण्यासाठी फुले लाल झाली, असे वर्षानुवर्षे सांगितले जाते. पहिली गोष्ट चूक आहे, दुसरी अर्धवट. हा पक्षी कोणत्या रंगाच्या फुलात मध भरपूर आहे हे अनुभवाने शिकतो. मध मिळाला तर पांढऱ्या फुलावरही तो पुन्हा पुन्हा येतो.

मग इतकी फुले लाल का? मोठे कारण मधमाशी. तिच्या डोळ्याला लाल रंग नीट दिसत नाही. त्यामुळे लाल फुलातला मध माश्यांपासून बराचसा वाचतो आणि पक्ष्यासाठी शिल्लक राहतो.

कॅलिफोर्नियाच्या सिएरा नेवाडा पर्वतात मिम्युलस या रानफुलाच्या दोन जवळच्या जाती आहेत. एक गुलाबी, पसरट, माश्यांची. दुसरी लाल, अरुंद नळीची, मधाने भरलेली, हमिंगबर्डची. ब्रॅडशॉ आणि शेम्स्के या शास्त्रज्ञांनी संकरातून रंग ठरवणारा जनुकीय भाग दोघींत अदलाबदल केला (2003). लाल जातीची फुले गडद गुलाबी होताच माश्यांच्या भेटी 74 पट वाढल्या. गुलाबी जातीची पिवळी-नारिंगी झाली, तेव्हा हमिंगबर्डच्या भेटी 68 पट. परागवाहक असा बदलला की दोन जातींतला संकर कमी होतो, त्या वेगळ्या होत जातात. मला हा प्रयोग फार मोलाचा वाटतो.

हे सारे अमेरिका खंडांतले. आपल्या बागेत मध पिणारा चिमुकला पक्षी शिंजीर, हमिंगबर्ड नव्हे.